एका नळीचे दोन दावेदार : २८ वर्षं रखडलेल्या पेटंटची गोष्ट

कानात इअरफोन असतील, लोकलमध्ये उभे असाल किंवा रात्री भांडी घासत असाल, तर आवाज थोडा वाढवा. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा सगळा एपिसोड इथे लिहून ठेवलाय.

आजचा विषय आहे पेटंट. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! आज कायद्याची कलमं पाठ करायची नाहीयेत. आज एक पांढरी, मऊ, पेनाच्या रिफिलपेक्षा थोडी जाड अशी नळी आहे. माणसाच्या शरीरात रक्तवाहिनीच्या जागी बसवता येणारी. आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघं आहेत. एकानं ती नळी पुरवली. दुसऱ्यानं ती शरीरात का टिकते हे ओळखलं. प्रश्न साधा आहे : शोध कोणाचा?

आधी थोडं मागे जाऊ. ६ एप्रिल १९३८. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी नवीन वायू शोधत होता. त्यानं वायू भरून ठेवलेलं एक सिलिंडर उघडलं, तर आतून काहीच बाहेर येईना. वजन मात्र होतं तेवढंच. सिलिंडर कापून बघितलं, तर आत पांढरी मेणचट पूड. तिला काही चिकटत नाही, आम्लानं तिचं काही बिघडत नाही, उष्णताही ती बरीच सहन करते. हेच पुढे टेफ्लॉन झालं. आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं, आणि प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतो त्या पांढऱ्या टेपमधलं. ही टेप लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

ड्यूपाँटमध्येच बिल गोअर नावाचा इंजिनिअर होता. टेफ्लॉनचं आणखी बरंच काही करता येईल असं त्याला वाटायचं. १ जानेवारी १९५८ ला त्यानं आणि बायकोनं, विव्हनं, डेलावेअर राज्यातल्या नेवार्क गावी घराच्या तळघरात स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीचा धंदा होता टेफ्लॉनचं आवरण असलेल्या विजेच्या केबलींचा.

खरा खेळ झाला ऑक्टोबर १९६९ मध्ये. त्यांचा मुलगा बॉब टेफ्लॉनच्या दांड्या गरम करून ताणून बघत होता. हेतू अगदी व्यवहारी : तेवढ्याच मालात जास्त लांबी निघाली तर पैसे वाचतील. हळूहळू ताणलं की दांडी तुटायची. अजून सावकाश ताणलं, तरी तुटायची. शेवटी वैतागून त्यानं भट्टीतून गरम दांडी काढली आणि जोरात हिसका दिला. दांडी तुटली नाही. मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणली गेली आणि जाडी मात्र जवळपास तेवढीच राहिली!

असं कसं झालं? सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर या ताणलेल्या टेफ्लॉनमध्ये छोट्या छोट्या गाठी दिसतात, आणि गाठींना जोडणारे अतिशय बारीक तंतू. कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी. मध्ये सगळी हवा. म्हणजे त्यानं टेफ्लॉन वाढवलं नाही, टेफ्लॉनमध्ये हवा भरली. पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही, पण वाफ बाहेर जाते. पावसाळी ट्रेकला लोक महागाची जॅकेटं घालून येतात ना, त्यातली गोअर-टेक्सची पातळ फिल्म बरीच वर्षं हीच असायची.

मे १९७० मध्ये पेटंटचा अर्ज गेला. आणि इथे आपली प्लंबरची टेप परत येते. न्यूझीलंडमध्ये जॉन क्रॉपर नावाच्या माणसानं १९६६ मध्येच टेफ्लॉन ताणून टेप बनवायचं यंत्र तयार केलं होतं. म्हणजे बॉबच्या हिसक्याच्या तीन वर्षं आधी! १९६८ मध्ये फिलाडेल्फियातल्या बड कंपनीनं ते यंत्र घेतलं, आणि पद्धत बाहेर सांगायची नाही अशी कामगारांना ताकीद दिली.

पुढे गार्लॉक नावाच्या कंपनीबरोबर गोअरचा खटला झाला. गार्लॉकचा मुद्दा : क्रॉपरनं हे आधीच केलंय, मग गोअरचं पेटंट कसलं? १९८३ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, पेटंट या कारणानं रद्द होत नाही. क्रॉपरनं आणि बडनं पद्धत गुपित ठेवली. गोअरनं ती लिहून जगासमोर ठेवली. पेटंट हा सौदाच मुळात असा आहे : तू सगळं उघड सांग, बदल्यात काही वर्षं हक्क तुझा. जो सांगत नाही, त्याला नंतर ‘मी आधी केलं होतं’ म्हणून दुसऱ्याचं पेटंट पाडता येत नाही. मला हा निकाल एकदम पटला. आमच्या क्षेत्रातही असंच असतं. तुझ्या लॅपटॉपवर कोड चालत होता हे ठीक आहे, पण तू तो पुश केला होतास का?

आता नळीकडे येऊ.

हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रोहिणीच्या जागी डेक्रॉन नावाच्या कापडाची नळी बसवायचं तंत्र १९५० च्या दशकात आलं होतं. पण पायातल्या बारीक रक्तवाहिनीत, जिथे रक्ताचा वेग कमी, तिथे कृत्रिम नळीत रक्त गोठायचं आणि नळी बंद पडायची. शरीर बाहेरच्या वस्तूला ओळखतं आणि तिच्यावर धावून जातं. रुग्णासाठी याचा अर्थ कधीकधी पाय कापणं असा व्हायचा. म्हणून बारीक नळीची खरंच निकड होती.

याची सुरुवात कशी झाली त्याची एक छान गोष्ट सांगतात. १९७१ मध्ये बिल गोअर कोलोरॅडोत बर्फावर स्कीइंग करायला गेला होता. बरोबर डेन्व्हरचे सर्जन डॉ. बेन आइझमन. बिलनं जॅकेटच्या खिशातून ताणलेल्या टेफ्लॉनची एक छोटी नळी काढली आणि सहज बघत बसला. डॉक्टरांनी विचारलं, हे काय आहे? मग म्हणाले, दे बरं मला, डुकरामध्ये बसवून बघतो. काही दिवसांनी त्यांचा आनंदानं फोन आला : नळीतून रक्त वाहतंय!

पुढे अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ इथे गोअरच्या कारखान्यात काम करणारा पीटर कूपर अशा नळ्या वेगवेगळ्या डॉक्टरांकडे पाठवायला लागला. त्यातले एक होते फीनिक्सच्या अ‍ॅरिझोना हार्ट इन्स्टिट्यूटमधले डॉ. डेव्हिड गोल्डफार्ब. १९७३ मध्ये त्यांनी या नळ्या कुत्र्यांमध्ये बसवल्या. बऱ्याच बंद पडल्या. काही मात्र टिकल्या, नुसत्या टिकल्या नाहीत तर शरीरानं त्या आपल्याशा केल्या. भिंतीतून पेशी आत शिरल्या होत्या आणि आतल्या बाजूला पातळ, गुळगुळीत अस्तर तयार झालं होतं.

कंपनी तीच, माल तोच, मग एक नळी चालते आणि दुसरी का नाही? गोल्डफार्बनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टिकलेल्या नळीची रचना तपासली. उत्तर होतं दोन गाठींमधल्या अंतरात. अंतर फार कमी असेल तर पेशींना शिरायला जागाच नाही. लाल रक्तपेशी साधारण ७ मायक्रॉनची असते, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सातपट. पण अंतर फार जास्त असेल तर नळी कमजोर होते आणि भिंतीतून रक्त झिरपतं. या दोन टोकांच्या मध्ये एक पट्टा आहे, तिथे नळी चालते.

बस्स, एवढाच शोध. नवीन पदार्थ नाही, नवीन यंत्र नाही. एक अंतर.

कूपरनं अर्ज केला २ एप्रिल १९७४ ला. गोल्डफार्बनी केला २४ ऑक्टोबर १९७४ ला. अर्ज कूपरचा सहा महिने आधीचा. पण त्या काळी अमेरिकेत नियम होता की आधी अर्ज करणाऱ्याला नाही, आधी शोध लावणाऱ्याला पेटंट. मग शोध कधी लागला हे सिद्ध करायचं कसं? वह्या, पत्रं, साक्षी. दोघांच्या दाव्यांची रीतसर चौकशी १९८३ मध्ये सुरू झाली आणि चालतच राहिली.

यातला सगळ्यात गमतीचा भाग ऐका. तंतूंची लांबी महत्त्वाची आहे ही कल्पना आधी कूपरला सुचली होती, हे पेटंट ऑफिसच्या मंडळानं मान्य केलं. तरीही तो हरला. कारण नुसती कल्पना सुचून भागत नाही, ती प्रत्यक्षात चालते हे करून बघावं लागतं आणि काय चाललंय हे ओळखावंही लागतं. ते आधी केलं गोल्डफार्बनी.

कूपरच्या बाजूचा युक्तिवाद होता : अहो, नळी मी पाठवली, डॉक्टरांनी फक्त तपासली. मग त्यांचा प्रयोग माझ्या खात्यात धरा! कोर्टानं विचारलं, नळी पाठवताना तू त्यांना सांगितलंस का, की तंतूंची लांबी बघा, अमुक लांबीची वापरा? नाही सांगितलं. मग त्यांचं निरीक्षण त्यांचंच. २००१ मध्ये अपील कोर्टात हा वाद संपला. २० ऑगस्ट २००२ ला गोल्डफार्बच्या नावावर पेटंट निघालं. अर्ज केल्यापासून जवळजवळ २८ वर्षांनी.

या काळात गोअर कंपनी गप्प बसली नव्हती. तिच्या नळ्या जगभर विकल्या जात होत्या. आणि हेही सांगायला हवं की नुसत्या ‘अंतरा’वर त्या नळ्या उभ्या नव्हत्या. १९७५ मध्ये पिट्सबर्गमधल्या एका निवासी डॉक्टरनं कळवलं की रुग्णाच्या शरीरातली नळी फुग्यासारखी फुगलीये. कंपनीच्या माणसांनी धावपळ करून नळीवर त्याच पदार्थाच्या फिल्मचं दुसरं वेष्टण चढवलं आणि भिंत मजबूत केली. हे कामही तितकंच खरं होतं.

गोल्डफार्बच्या पेटंटचे हक्क तोवर बार्ड नावाच्या मोठ्या वैद्यकीय कंपनीकडे गेले होते. तिनं २००३ मध्ये गोअरवर दावा ठोकला. डिसेंबर २००७ मध्ये फीनिक्सच्या ज्यूरीनं गोअरला साधारण १८.५ कोटी डॉलर भरायला सांगितले. उल्लंघन जाणूनबुजून केलं म्हणून न्यायाधीशांनी २००९ मध्ये ती रक्कम दुप्पट केली. २०१२ च्या अपिलातही बार्डच जिंकली, पण एकमतानं नाही. न्यायमूर्ती पॉलिन न्यूमन यांनी विरोधी मत लिहिलं : नळी गोअरची, तपासायला दिली कूपरनं, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी केली, मग त्यांना एकट्याला शोधक कसं म्हणायचं? मुद्दाम केलं की नाही यावर खटला आणखी तीन वर्षं फिरला आणि २०१५ मध्ये तोही बार्डच्या बाजूनं गेला.

आता माझं मत सांगते. टेस्टरनं बग शोधला म्हणून प्रॉडक्ट त्याचं होत नाही, हे आम्ही डेव्हलपर लोक हिरिरीनं म्हणतो. त्यामुळे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सरळ कूपरच्या बाजूनं होते. पण विचार करा, १९७३ च्या त्या वसंतात फीनिक्समध्ये चालणाऱ्या आणि बंद पडणाऱ्या नळ्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. दोन्ही एकाच कंपनीच्या. फरक कशात आहे हे कळलं नसतं, तर पुढची चांगली नळी निव्वळ नशिबानं बनली असती. रुग्णाला नशीब नको असतं, त्याला दर वेळी चालणारी नळी हवी असते. त्या अर्थानं, ज्यानं फरक ओळखला त्यानंच नळीचं औषध केलं.

पण २८ वर्षांचं काय? त्याचं समर्थन मला करता येत नाही. पेटंटची मुदत तेव्हा मंजुरीपासून १७ वर्षं मोजायचे, त्यामुळे १९७४ चा अर्ज २०१९ पर्यंत जिवंत राहिला! म्हणजे टेप्स आणि कॅसेटच्या काळातला शोध, तुमच्या हातातल्या स्मार्टफोनच्या काळापर्यंत कोणाची तरी मक्तेदारी. सौद्यातली ‘काही वर्षं’ एवढी नसावीत. अमेरिकेनं १९९५ मध्ये नव्या अर्जांसाठी हिशोब बदलला : अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. आपल्याकडेही आता तोच हिशोब आहे. आणि २०१३ पासून अमेरिकेतही जो आधी अर्ज करेल त्याचा हक्क, हा नियम आला. तो नियम तेव्हा असता, तर कागदावर तरी कूपरचं पारडं जड होतं. म्हणजे बघा, घटना तीच, नियम बदलला की शोधक बदलतो.

मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रुग्णांच्या दंडात डायलिसिससाठी आज ताणलेल्या टेफ्लॉनची नळी बसवतात. आठवड्यातून दोन-तीनदा सुई तिच्यात जाते. ज्यांच्या स्वतःच्या शिरा साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी ती नळी म्हणजे यंत्राकडे जायचा रस्ता. त्या रस्त्यात प्लंकेटचं बिघडलेलं सिलिंडर आहे, बॉबचा वैतागलेला हिसका आहे, कूपरनं पाठवलेली पाकिटं आहेत आणि गोल्डफार्बचं सूक्ष्मदर्शकाखालचं मोजमाप आहे. पेटंटच्या कागदावर मात्र शोधक म्हणून नाव एकाचंच बसलं.

तुम्ही ज्यूरीत असता तर कोणाला मत दिलं असतंत? नळी देणाऱ्याला, की अंतर मोजणाऱ्याला? मला जरूर कळवा, आणि कारणासकट कळवा, नुसतं नाव नको. कॉलेजमध्ये प्रोजेक्ट करत असाल तर एक छोटंसं काम : वहीत तारीख टाकून लिहा, काय केलं आणि त्यातून काय कळलं. दोन्ही लिहा. कूपरचं घोडं दुसऱ्या रकान्यातच अडलं होतं.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर काळजी घ्या!