बाटलीतील सर्वच पाणी ‘मिनरल वॉटर’ नव्हे

देसाईगंज (वडसा) : गोंदिया-बल्लारशाह मार्गावरील वडसा स्थानकावर गाडी थांबली की खिडकीतून हात बाहेर येतो आणि ‘एक बिसलेरी द्या’ अशी मागणी होते. विक्रेता हाती येईल त्या कंपनीची बाटली देतो. घेणाराही नाव पाहत नाही. ‘डालडा’नंतर एका छापाचे नाव संपूर्ण वस्तूला इतके चिकटल्याचे उदाहरण विरळाच. मात्र बिसलेरीची साधी बाटली असो वा तिच्या शेजारची दुसरी, तीत बहुधा ‘मिनरल वॉटर’ नसतेच.

बिसलेरी हे नाव इटलीतील उद्योजक फेलिचे बिसलेरी यांचे. त्या नावाने डॉ. रॉसी व खुशरू सनटूक यांनी १९६५ मध्ये ठाण्यात कारखाना काढला. काचेच्या बाटलीतील हे पाणी मुख्यतः मुंबईतील बड्या हॉटेलांत खपे. पाणी विकत घ्यावयाचे ही कल्पना तेव्हा सामान्यांना चेष्टेचीच वाटे. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहान कुटुंबाने हा व्यवसाय ४ लाख रुपयांस घेतला. १९९३ मध्ये थम्स अप, लिम्का ही शीतपेये कोका-कोलाला विकल्यानंतर रमेश चौहान यांनी पाण्यावर भर दिला व प्लास्टिकच्या बाटलीने ते गावोगावी पोहोचविले.

भारतीय मानक ब्युरोने या पाण्याचे दोन प्रकार मानले आहेत. ‘नैसर्गिक खनिजजल’ (आयएस १३४२८) हे भूगर्भातील विशिष्ट स्रोताचे असते. ते उगमाजवळच बाटलीबंद करावे लागते आणि त्यातील क्षारांचे मूळ प्रमाण बदलता येत नाही. हिमाचल प्रदेशातून येणारे टाटा समूहाचे ‘हिमालयन’ हे त्याचे परिचित उदाहरण. दुसरा प्रकार ‘बाटलीबंद पेयजल’ (आयएस १४५४३). यात बोअरवेल वा नळाचे पाणीही चालते. ते गाळून, क्षार कमी करून, ओझोन वा अतिनील किरणांनी निर्जंतुक केले जाते. हे पाणी कमी प्रतीचे असते असे नव्हे. फक्त ते खनिजजल नव्हे.

चंद्रपूर-गडचिरोली भागात हा भेद केवळ शब्दांचा नाही. येथील भूजलात काही ठिकाणी फ्लोराइड व लोह अधिक आढळते. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे पाणी ‘नैसर्गिक’ असणे हीच शुद्धतेची हमी मानता येत नाही. ते कोठून आले आणि त्याची तपासणी झाली काय, हे पाहणे अगत्याचे ठरते.

बाटलीबंद पाण्यावर आयएसआय चिन्हाची सक्ती मार्च २००१ पासून होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती काढण्यात आली आणि त्यानंतर लगेचच हे पाणी ‘अधिक जोखमीच्या’ खाद्यपदार्थांत गणले गेले. त्यामुळे घेताना अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, भरल्याची तारीख व झाकणाचे सील पाहावे. लग्नसमारंभात येणाऱ्या थंड पाण्याच्या सुट्या कॅनवर बहुधा यांपैकी काहीच नसते. तरीही वाढपी पंगतीत तेच पाणी ‘बिसलेरी’ म्हणून वाढतात.