आडवं होण्याचा इतिहास

आई पहिल्यांदा कार्डिफला आली तेव्हा हीथ्रोवर उतरल्या उतरल्या तिने विचारलेला पहिला प्रश्न नातवाबद्दल नव्हता. "विमानात वरचा बर्थ का नसतो रे?" नऊ तास बसून तिचे पाय इतके सुजले होते की चपलेत शिरेनात. आयुष्यभर महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूर-मुंबई ये-जा केलेल्या बाईला, एवढे पैसे घेऊन माणसाला रात्रभर बसवून ठेवणं हा शुद्ध अडाणीपणा वाटला. मुलगा इंजिनिअर, त्यामुळे उत्तर त्याच्याकडे असणारच हा तिचा समज. मी "जागा नसते गं" म्हणून वेळ मारून नेली.

खरं तर पूर्वी विमानात बर्थ होते. १९३५ च्या डिसेंबरमध्ये उडालेलं डग्लसचं पहिलं डीसी-३ हे मुळात झोपायचं विमान, १४ बर्थचं. १९४९ मध्ये बीओएसीने आणलेल्या स्ट्रॅटोक्रूझरमध्येही छताजवळून खाली उघडणारे बर्थ होते. त्याच्याही आधीची पद्धत आणखी सोपी. १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली तेव्हा प्रवासाला आठवडा लागायचा, आणि रात्री प्रवासी खाली उतरून चक्क हॉटेलात झोपायचे!

मग जेट आलं. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ घेतलं. प्रवासाचे तास कमी झाले, तिकिटं स्वस्त व्हायला लागली आणि विमानात जास्तीत जास्त खुर्च्या कशा बसतील याचा हिशेब सुरू झाला. त्या हिशेबात बर्थ गेले. पुढची तीसेक वर्षं महागडं तिकीट काढणाऱ्यालाही बहुतेक मिळायची ती जास्त मागे कलणारी खुर्चीच. कलत्या खुर्चीत माणूस झोपत नाही, घसरत राहतो. एस.टी.च्या रातराणीने गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

कोडं असं होतं : झोपायला सहा फूट लांबी हवी, आणि विमानातली लांबी सोन्याच्या भावाची. इकॉनॉमीत दोन रांगांमध्ये अंतर जेमतेम ३१ इंच. ब्रिटिश एअरवेजने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर फर्स्ट क्लासमध्ये सपाट पलंग दिला, पण तिथे माणसं मोजकीच. बिझनेस क्लासमध्ये गर्दी जास्त, तिथे हे जमणार कसं? उत्तर मिळालं २००० साली, लंडनच्या टँजरीन या डिझाइन कंपनीकडून. माणूस खांद्याला रुंद आणि पायाला अरुंद असतो. मग शेजारच्याला उलट्या दिशेने तोंड करून बसवा, म्हणजे एकाच्या खांद्याशेजारी दुसऱ्याचे पाय येतील! झालं. ७४७ च्या एका रांगेत आठ माणसं सहा-सहा फुटांच्या पलंगांवर आडवी झाली. लग्नघरात हॉलमध्ये गाद्या घालताना आपल्या आत्या-मावश्या हेच करतात, कुणाचं डोकं इकडे तर कुणाचं तिकडे. फक्त त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही.

पेटंटवरून आठवलं. आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर कुमब्रान नावाचं गाव आहे. तिथे विमानांच्या बिझनेस आणि फर्स्ट क्लासच्या खुर्च्या बनवणारा मोठा कारखाना आहे. कंपनी आधी ब्रिटॅक्स, मग कॉन्टूर, मग झोडिअ‍ॅक आणि आता फ्रान्सच्या साफ्रान समूहाची. व्हर्जिन अटलांटिकने २००३ मध्ये आणलेली आसनं बनवण्याचं काम याच कंपनीकडे होतं. त्यातली युक्ती मला फार आवडते. बसायला मऊ, खोलगट गादी लागते, झोपायला सपाट आणि घट्ट. एकच पृष्ठभाग दोन्ही कामं नीट करत नाही. म्हणून खुर्चीची पाठच पुढे उलटायची. पाठीच्या मागच्या बाजूला झोपायची गादी. आणि खुर्च्या माशाच्या काट्यांसारख्या तिरप्या मांडायच्या, म्हणजे मागच्या रिकाम्या कोपऱ्यातही पलंग पसरतो.

पुढे कंपनीने अशाच धाटणीची आसनं इतर विमान कंपन्यांना विकली आणि व्हर्जिनने पेटंटचा दावा ठोकला. २००९ मध्ये अपील कोर्टात व्हर्जिन जिंकली. नुकसानभरपाईची मागणी ४ कोटी ९० लाख पौंडांच्या वर. पण २०१० मध्ये युरोपियन पेटंट ऑफिसने त्या पेटंटमधले नेमके तेच दावे काढून टाकले. मग प्रश्न आला, जे पेटंट त्या रूपात उरलंच नाही त्याच्या भंगाची भरपाई द्यायची का? २०१३ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाही. माणसाला आडवं कसं करायचं यावर एवढी वर्षं भांडण!

पुढे मलाही कंपनीच्या खर्चाने अशा पलंगावर झोपायचा योग आला. शहाणपण सांगायचं तर एवढंच : जेवण विमानतळावरच उरका, दारू टाळा (केबिनमधली हवा सात-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते तितकी विरळ असते), आणि पलंग पूर्ण सपाट करा. थोडा कललेला ठेवलात की पुन्हा रातराणी. मी छान झोपलो. पण मध्यरात्री जाग आली तेव्हा पडद्यामागे रांगेने बसून मान टाकलेली माणसं दिसली आणि आईचे पाय आठवले.

आता आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर. वरचा बर्थ नसतो कारण विमान उडताना आणि उतरताना प्रत्येकाला पट्टा बांधून बसावंच लागतं, आणि ती खुर्ची गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्का सोसणारी लागते. म्हणजे बर्थ दिला तरी खुर्ची द्यावीच लागते. रेल्वेत तसं नाही. तिथे बाक हाच बर्थ. शिवाय तिथे मधू दंडवते होते. राजापूरचे खासदार, १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी आणली. २६ डिसेंबर १९७७ ला सुरू झालेल्या गीतांजली एक्सप्रेसमध्ये तर वर्गच एक होता. टँजरीनची युक्ती हुशार खरीच, पण ती भाडं परवडणाऱ्यांसाठी. दंडवत्यांच्या दोन इंच फोममध्ये कसलंही पेटंट नव्हतं आणि आई त्यावर निवांत झोपली.

२०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजने सगळी ७४७ सेवेतून काढली. बीओएसीच्या जुन्या रंगातलं त्यातलं एक विमान इथे जवळच, सेंट अ‍ॅथनला येऊन विसावलं. त्याच वर्षी एअर न्यूझीलंडने इकॉनॉमीच्या प्रवाशांसाठी एकावर एक बर्थची कल्पना जाहीर केली. पाळीपाळीने काही तास झोपायचं, खुर्ची आपली वेगळी, बर्थचे पैसे वेगळे.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे वरचा बर्थ होतोय तर. मी म्हटलंच होतं."