दोन घंटांची कथा

फिलाडेल्फिया नगरीत आलेला प्रवासी 'लिबर्टी बेल' पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. आम्हीही त्याला अपवाद ठरलो नाही. घंटेच्या दर्शनासाठी तिकीट नाही, शुल्क नाही. सुरक्षातपासणी आटोपली की रांगेतून पुढे सरकायचे, एवढेच. राष्ट्राने आपला हा ठेवा सर्वांसाठी विनामूल्य ठेवला आहे आणि घंटेवर कोरलेल्या वचनाशी ते सुसंगतच आहे.

ते वचन पवित्र शास्त्रातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातील आहे. योबेल वर्षाचा, म्हणजे पन्नासाव्या वर्षाचा, नियम त्यात सांगितला आहे. त्या वर्षी दासांना मुक्त करावे, गहाण पडलेल्या जमिनी मूळ कुळांकडे परत जाव्यात आणि देशातील सर्व रहिवाशांना मुक्तीची द्वाही फिरवावी, असा त्याचा आशय. विल्यम पेन यांनी 1701 मध्ये पेनसिल्व्हानियाला हक्कांची सनद दिली. तिच्या पन्नासाव्या वर्षी, 1751 साली, तेथील विधानसभेचे सभापती आयझॅक नॉरिस यांनी लंडनहून घंटा मागविली आणि तिच्यासाठी हे वचन निवडले. पन्नास वर्षे आणि योबेल यांचा हा मेळ योगायोगाचा नसावा.

घंटा 1752 मध्ये आली आणि चाचणीच्या टोल्यालाच तडकली. पास आणि स्टो या स्थानिक कारागिरांनी 1753 मध्ये ती वितळवून दोनदा नव्याने ओतली. आज दिसते ती हीच घंटा. वजन सुमारे 940 किलो. 4 जुलै 1776 रोजी तिने स्वातंत्र्याची ग्वाही दिली, ही लोकप्रिय कथा मात्र जॉर्ज लिपार्ड या कथालेखकाने 1847 मध्ये रचलेली आहे. 'लिबर्टी बेल' हे नावही त्या क्रांतीने दिलेले नाही. गुलामगिरीच्या विरोधकांनी 1830 नंतरच्या दशकात ते रूढ केले. घंटेवर 'सर्व रहिवाशांना' असे कोरले आहे, मग लक्षावधी बांधव साखळदंडात का, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न आजच्या घंटाघराच्या दारातच उभा आहे. 2003 मध्ये उघडलेल्या या वास्तूच्या अगदी लगत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे निवासस्थान होते. तेथे त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हानियाच्या कायद्यानुसार सहा महिन्यांच्या सलग वास्तव्यानंतर गुलाम मुक्तीचा हक्क सांगू शकत असे. म्हणून मुदत भरण्यापूर्वी त्यांना राज्याबाहेर नेऊन परत आणले जाई. त्यांतील ओनी जज ही तरुणी 1796 च्या मे महिन्यात त्या घरातून निसटली, ती परतलीच नाही. योबेलचे वचन ज्या नगरीत घंटेवर कोरले होते, तेथेच तिला आपली मुक्ती पळून जाऊन मिळवावी लागली.

घंटेपासून थोडे चालत गेले की एका बोळात संत जोसेफचे चर्च लागते. मेरीलँडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू जोसेफ ग्रीटन यांनी 1733 मध्ये येथे छोटे प्रार्थनागृह उभारले. इंग्लंडच्या कायद्याने जाहीर मिस्साबलिदान निषिद्ध होते. 1734 मध्ये गव्हर्नरांच्या मंडळापुढे हा विषय आला, तेव्हा कॅथोलिकांनी पेन यांच्याच सनदेचा आधार घेतला आणि मिस्सा चालू राहिली. ज्या सनदेचे स्मरण ती घंटा करते, तिच्याच छायेत आपल्या धर्मबांधवांची वेदी टिकली, हे जाणून आमचे मन भरून आले.

परंतु कथा येथे संपत नाही. पहिली घंटा तडकल्यावर विधानसभेने लंडनहून आणखी एक घंटा मागविली होती. 'भगिनी घंटा' म्हणून ओळखली जाणारी ही घंटा पुढे ऑगस्टीनियन संघाच्या संत ऑगस्टीन चर्चकडे आली. त्याच सुमारास आयरिश स्थलांतरितांमुळे शहरातील कॅथोलिकांची संख्या वाढत होती आणि त्यांच्याविषयीचा द्वेषही. सरकारी शाळांतून प्रॉटेस्टंट भाषांतराचे बायबल वाचले जाई. आपल्या मुलांना आपले भाषांतर वापरू द्यावे, अशी विनंती बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी 1842 मध्ये केली. तिचा विपर्यास झाला. कॅथोलिक बायबलच शाळेतून हद्दपार करू पाहतात, अशी आवई उठली. 8 मे 1844 रोजी जमावाने संत मायकल व संत ऑगस्टीन ही दोन्ही चर्चेस जाळली. ती भगिनी घंटाही त्या आगीत नष्ट झाली. उरलेल्या धातूतून ती पुन्हा ओतण्यात आली आणि आज विलानोव्हा विद्यापीठात जतन केलेली आहे.

वाचकहो, एका घंटेवर बायबलचे वचन. दुसरी बायबलवरूनच पेटलेल्या दंगलीत खाक! येथे अश्रू ढाळून स्वतःला केवळ पीडित म्हणविणे सोपे आहे. परंतु इतिहास आपल्यालाही सोडत नाही. ज्या मेरीलँडहून फादर ग्रीटन आले, तेथील येशूसंघीयांनी 1838 मध्ये 272 गुलाम विकले. स्वतःच्या मिस्सेसाठी सनदेचा आधार घेणाऱ्यांनी त्या 272 जणांच्या बाबतीत लेवीय ग्रंथ मिटून ठेवला. छळ सोसलेला माणूस आपोआप न्यायी होत नाही, हे आम्हांला त्या बोळातून परतताना तीव्रतेने जाणवले.

परतीच्या वाटेवर पुन्हा घंटेपाशी थांबलो. लोक ज्या रुंद फटीचे छायाचित्र घेतात, ती मूळची भेग नव्हे. ती दुरुस्ती आहे. 1846 मध्ये वॉशिंग्टन यांच्या जयंतीसाठी घंटा वाजवायची होती. भेगेच्या कडा एकमेकींवर घासून नाद बिघडू नये म्हणून कारागिरांनी ती मुद्दाम रुंद केली. घंटा वाजली, मात्र एक नवी बारीक चीर वर सरकली आणि ती कायमची मूक झाली.

भेग झाकून घंटा वाजत नाही, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. भेग उघडी करूनही ती वाजेलच, याची खात्री नव्हती. तरी त्यांनी प्रयत्न केला. धर्मसभा असो वा राष्ट्र, आपला इतिहास सांगताना एवढे धैर्य आपल्या अंगी यावे, अशी प्रार्थना करून आम्ही बाहेर पडलो.