‘प्रोरोग’: मुदत मागणाऱ्या क्रियापदाची कुळकथा

लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये अधिवेशनाचा शेवटचा दिवस आला की सिंहासनापुढच्या बाकावर लाल झगे घातलेले लॉर्ड्स येऊन बसतात, बहुधा पाच. हे राजाचे आयुक्त. ‘ब्लॅक रॉड’ नावाचा अधिकारी कॉमन्स सभागृहात जाऊन तिथल्या सदस्यांना बोलावून आणतो. सदस्य कठड्याशी उभे राहून झुकून अभिवादन करतात आणि आयुक्तांतले पुरुष दुटोकी काळी टोपी उचलून त्याला उत्तर देतात. स्त्रिया टोपी काढत नाहीत. मग मंजूर झालेल्या विधेयकांची नावं एकेक करून पुकारली जातात आणि प्रत्येक नावापाठोपाठ सभागृहाचा मुख्य लिपिक वळून जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये सांगतो की राजाची तशी इच्छा आहे. शेवटी एक तारीख जाहीर होते आणि त्या तारखेपर्यंत संसद ‘प्रोरोग’ झाली असं घोषित होतं.

हे क्रियापद इंग्लंडात कुणी घरात वापरत नाही, बाजारात वापरत नाही. संसद आणि तिच्या नमुन्यावर उभी राहिलेली कायदेमंडळं एवढाच त्याचा संसार. पण ते जन्मलं ते लोकांना काहीतरी विचारण्यासाठी, आणि पुढचा त्याचा सगळा प्रवास ‘विचारायचं की नाही, आणि कुणाला’ या भांडणातून झाला.

लॅटिनमध्ये ‘रोगारे’ म्हणजे विचारणं, मागणं. रोममध्ये कायद्याचा मसुदा लोकांच्या सभेपुढे ठेवत, तो प्रश्नाच्या रूपात: तुमची संमती आहे का? म्हणून मसुद्यालाच ‘रोगातिओ’ म्हणत. त्याला ‘पुढे’ या अर्थाचा ‘प्रो’ जोडला की ‘प्रोरोगारे’, म्हणजे एखाद्याची मुदत पुढे वाढवावी का, असं लोकांना विचारणं. इ. स. पू. ३२६ मध्ये तसा प्रसंग आला. क्विंटस पुब्लिलियस फिलो हा कॉन्सल नेआपोलिसला, म्हणजे आजच्या नेपल्सला, वेढा घालून बसला होता. त्याच्या पदाचं वर्ष संपत आलं, पण वेढा संपेना. सेनापती मधेच बदलला तर हातातोंडाशी आलेला घास जाणार. तेव्हा ट्रिब्यून या लोकप्रतिनिधींकरवी लोकांपुढे प्रस्ताव ठेवला गेला की फिलोनं कॉन्सलपद संपलं तरी कॉन्सलच्या जागी राहून युद्ध संपवावं. लोकांनी होकार दिला. पुढे रोमचं राज्य पसरत गेलं तशी ही तजवीज नेहमीचीच झाली, आणि लोकांना विचारणं मागे पडून सिनेटच परस्पर मुदती वाढवू लागलं. प्रश्नाचा हुकूम व्हायला सुरुवात झाली ती तिथे.

या लॅटिन घराण्यातल्या बाकीच्या भावंडांनी मूळ अर्थ सोडलेला नाही. स्पॅनिशमध्ये फुटबॉलच्या सामन्यात बरोबरी झाल्यावर जो जादा वेळ खेळवतात त्याला ‘प्रोरोगा’ म्हणतात. इटालियनमध्ये अर्ज भरायची मुदत वाढली की तीही ‘प्रोरोगा’. इंग्रजी ‘प्रोरोग’ पंधराव्या शतकात फ्रेंचमधून आलं तेही वाढवण्याच्याच अर्थानं. पुढे त्याला ‘लांबणीवर टाकणं’ असा अर्थ चिकटला. शेक्सपिअरनं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ते चक्क मृत्यूला लावलं आहे, मरण पुढे ढकलण्याच्या अर्थानं. ज्युलिएटच्या घराच्या भिंतीखाली उभा असलेला प्रेमिक हा शब्द उच्चारतो, म्हणजे त्या काळी तो अजून मोकळा फिरत होता, दरबारात कोंडला गेला नव्हता.

मग मुदत वाढवणाऱ्या शब्दानं संसदेचं दार बंद कसं केलं? यात वाटते तेवढी उलटापालट नाही. राजा बोलावील तेव्हा संसद भरायची. तिला घरी पाठवायचे दोन मार्ग होते: एक विसर्जन, म्हणजे पुन्हा निवडणूक, दुसरा, आज उठा आणि अमुक तारखेला हीच मंडळी परत या. दुसऱ्या मार्गात संसदेचं आयुष्य त्या तारखेपर्यंत वाढतं, म्हणून ‘प्रोरोग’. पण तोवर बैठक नाही, अर्धवट विधेयकं बाद, तक्रार करायला जागा नाही. एकाच कृतीनं आयुष्य वाढायचं आणि तोंड बंद व्हायचं. राजांना यातला दुसरा भाग फार सोयीचा वाटला.

तारीख पुढे ढकलण्यात दर वेळी डाव असे असं मात्र नाही. प्लेगच्या भीतीनं १६०५ मध्ये संसद पुन्हा पुन्हा प्रोरोग झाली. फेब्रुवारीची ऑक्टोबरवर गेली, ऑक्टोबरची ५ नोव्हेंबरवर. लॉर्ड्स सभागृहाखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपं रचून संसद उडवू पाहणाऱ्या कटवाल्यांना तेवढे महिने वाट पाहावी लागली, आणि अखेर ४ नोव्हेंबरच्या रात्री त्यांच्यातला गाय फॉक्स ३६ पिंपांसकट सापडला.

पहिल्या चार्ल्सनं मात्र या शब्दाचं हत्यार केलं. जून १६२८ मध्ये कॉमन्स सभागृह त्याच्या जकातवसुलीविरुद्ध निषेधपत्र तयार करत होतं. ते पुरं व्हायच्या आत त्यानं संसद प्रोरोग केली. पुढच्या वर्षी, २ मार्च १६२९ ला, राजाच्या हुकमानं तहकुबी जाहीर करायला स्पीकर जॉन फिंच उठले तेव्हा डेंझिल हॉलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या सदस्यांनी त्यांना खुर्चीत दाबून धरलं आणि ठराव वाचून घेतले. त्यानंतर चार्ल्सनं अकरा वर्षं संसद बोलावलीच नाही. पैशासाठी ती अखेर बोलवावी लागली, आणि १६४१ मध्ये संसदेनं त्याच्याकडून एका कायद्यावर सही घेतली: आमच्या संमतीवाचून आम्हाला तहकूब, प्रोरोग किंवा विसर्जित करता येणार नाही. विचारल्याशिवाय नाही! मूळ ‘रोगारे’ इथे पुन्हा वर आला असं मला वाटतं, जरी त्या सदस्यांच्या मनात लॅटिन व्युत्पत्ती नसेल.

पुढे काही वर्षं राजेशाहीच गेली. ती परतल्यावर जुनी खोडही परतली. दुसऱ्या चार्ल्सनं १६७५ च्या नोव्हेंबरात संसद पंधरा महिन्यांसाठी प्रोरोग केली. वर्षाहून लांब प्रोरोग म्हणजे विसर्जनच, असा युक्तिवाद शाफ्ट्सबरीच्या अर्लनं केला आणि त्याबद्दल त्याची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली. दुसऱ्या जेम्सनं १६८५ मध्ये प्रोरोग केलेली संसद त्याच्या कारकिर्दीत परत भरलीच नाही.

पण हा शब्द एकदा सुधारणेच्या बाजूनंही उभा राहिला. एप्रिल १८३१ मध्ये मतदारसंघांच्या सुधारणेचं विधेयक अडलं होतं. मंत्रिमंडळाला नवी निवडणूक हवी होती आणि लॉर्ड्समधले विरोधक विसर्जनाविरुद्ध ठराव आणायच्या तयारीत होते. संसद प्रोरोग झाली की तो ठराव येऊच शकत नव्हता. त्यासाठी जातीनं संसदेत जायचं ठरलं, पण बग्ग्या तयार नाहीत असं कळल्यावर राजा चौथा विल्यम ‘मग भाड्याच्या घोडागाडीतून जाईन’ म्हणाला, असं सांगतात. २२ तारखेला तो स्वतः सभागृहात आला तेव्हा आत आरडाओरडा चालू होता. हक्क तोच, रीत तीच. पण या वेळी तो मंत्र्यांच्या सल्ल्यानं आणि मतदारांकडे जाण्यासाठी वापरला गेला. मला या शब्दाच्या चरित्रातलं हे सर्वांत देखणं पान वाटतं. राजानं जातीनं येऊन प्रोरोग करण्याची प्रथाही फार टिकली नाही. १८५४ मध्ये व्हिक्टोरिया आली ती शेवटची. तेव्हापासून आयुक्त आणि त्यांच्या टोप्या.

सत्ता राजाच्या हातून पंतप्रधानाकडे गेली, तसं हत्यारही गेलं. कॅनडात स्टीफन हार्पर यांच्या अल्पमतातल्या सरकारवर डिसेंबर २००८ मध्ये अविश्वासाचा ठराव यायचा होता. गव्हर्नर जनरल मिशेल जाँ यांनी त्यांच्या सल्ल्यानुसार संसद प्रोरोग केली आणि सरकार वाचलं. वर्षभरानं हार्पर यांनी तेच पुन्हा केलं, तेव्हा जानेवारी २०१० मध्ये भर थंडीत लोक रस्त्यावर उतरले. जो शब्द फक्त लिपिकांना ठाऊक होता तो निषेधाच्या फलकांवर आला.

लंडनमध्ये हेच २०१९ मध्ये घडलं. ब्रेक्झिटची मुदत तोंडावर असताना बोरिस जॉन्सन यांनी पाच आठवड्यांसाठी संसद प्रोरोग करवली. ९ सप्टेंबरच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर सोहळा सुरू झाला तेव्हा कॉमन्समधल्या काही विरोधी सदस्यांनी स्पीकरना खुर्चीतून उठू न देण्याचा प्रयत्न केला. १६२९ ची आठवण सगळ्यांनाच झाली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला की सबळ कारणाशिवाय संसदेला तिचं काम करू न देणारा हा सल्लाच बेकायदा, म्हणून आयुक्तांच्या हातात जणू कोरा कागदच होता. संसद प्रोरोग झालीच नव्हती. त्यामुळे त्या रात्रीच्या सोहळ्यात संमती मिळालेलं संसद भवनाच्या डागडुजीचं विधेयकसुद्धा पुन्हा संमतीसाठी ठेवावं लागलं, आणि सभागृहाच्या दप्तरातली नोंद दुरुस्त झाली. शेकडो वर्षं ज्याबद्दल कुणी जाब विचारू शकत नव्हतं, त्या क्रियापदाला कोर्टानं अट घातली.

आपल्याकडे हा शब्द ब्रिटिश कायद्यांतून आला आणि राज्यघटनेच्या ८५ व्या व १७४ व्या अनुच्छेदांत बसला. घटनेच्या मराठी अनुवादात ‘सत्रसमाप्ती’, विधिमंडळाच्या बोलीत ‘संस्थगित’. तहकुबी सभापतींची किंवा अध्यक्षांची, संस्थगिती राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची, हा फरक आपण जपला. टोप्या, झगे, फ्रेंच मात्र घेतलं नाही. इथे एक अधिसूचना निघते. आणि एक गोष्ट आपण इंग्लंडपेक्षा शहाणपणाची केली: सत्रसमाप्तीमुळे प्रलंबित विधेयक बाद होत नाही.

हत्यार मात्र आपल्याकडेही धारदार राहिलं, कारण सभागृहाचं सत्र चालू नसेल तरच अध्यादेश काढता येतो. पंजाबात ७ मार्च १९६८ ला अध्यक्षांनी विधानसभा दोन महिन्यांसाठी तहकूब केली. अंदाजपत्रक मंजूर व्हायचं होतं आणि आर्थिक वर्ष संपत आलेलं. राज्यपालांनी ११ तारखेला सत्रसमाप्ती केली, १३ ला अध्यादेश काढला आणि १८ ला सभागृह परत बोलावलं. सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं, आणि योग्यच ठरवलं असं माझं मत आहे. इथे संस्थगितीनं सभागृहाचं बंद दार उघडलं होतं.

त्याच पंजाबात २०२३ मध्ये उलटा प्रश्न आला. मार्चमध्ये अधिवेशन बेमुदत तहकूब झालं, संस्थगित झालंच नाही, आणि जूनमध्ये अध्यक्षांनी तेच पुढे चालवलं. राज्यपालांनी त्या बैठकीच्या वैधतेवर शंका घेतली. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबरात सांगितलं की सत्रसमाप्ती झालेली नसेल तर अध्यक्ष सभागृह पुन्हा बोलवू शकतात. पण अधिवेशन असं कायम उघडं ठेवून नेहमीच्या सत्रांना बगल देऊ नये, असंही न्यायालयानं बजावलं.

मुंबईत किंवा नागपुरात अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी राज्यपालांचा संस्थगितीचा आदेश सभागृहाला सांगितला जातो आणि पुढचं अधिवेशन कधी, कुठे, हेही बहुधा जाहीर होतं. घटनेनं आपल्याकडे ही तारीख सक्तीची केलेली नाही. दोन सत्रांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नको, एवढंच बंधन आहे. लंडनच्या घोषणेत मात्र परतीची तारीख असावीच लागते, आणि ती आपल्याही प्रत्येक संस्थगितीच्या आदेशात असायला हवी.