अवंती: 36 लाखांची गाडी आणि 17 अक्षरांचा नंबर

2004 साली 'टार्झन: द वंडर कार' नावाचा सिनेमा आला होता. सिनेमा कसा होता ते विचारू नका, पण माझ्या वयाच्या पोरांच्या डोक्यातून ती आपोआप पळणारी जांभळी गाडी काही गेली नाही. पुढे कळलं की ती मुळात टोयोटा एमआर2 होती आणि तिला ते रूप दिलं होतं मुंबईच्या दिलीप छाब्रियांच्या 'डीसी डिझाईन'ने. आमच्या फणसवाडीत बालाजीच्या देवळासमोरून टॅक्सी वळवायची तरी ड्रायव्हर आधी देवाचं नाव घेतो. असल्या गल्लीतल्या पोरांनी स्पोर्ट्स कारवर जीव टाकावा हा विनोदच, पण टाकला खरा.

गेल्या महिन्यात ऑफिसातला एक मित्र जेवताना म्हणाला, "अरे, सेकंडहँड अवंती मिळतेय, स्वस्तात. घेऊ का?" मी त्याला हो किंवा नाही काहीच म्हणालो नाही. घरी येऊन वाचत बसलो. दोन वीकेंड त्यातच गेले.

आधी थोडं मागे जाऊ. गाडीसाठी पैसे आधी द्यायचे आणि मग कंपनीकडे आशेने बघत बसायचं, याची मुंबईकराला जुनी सवय आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही आपली कुर्ल्याची कंपनी. पद्मिनीसाठी लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि ती मिळालीही, कारण कंपनी तेव्हा धडधाकट होती. 1990 च्या दशकात मात्र गणित फिरलं. प्रीमियरने फ्रेंच पूजोबरोबर कल्याणच्या कारखान्यात 309 काढली आणि फियाटबरोबर उनो आणली. 1996 ला उनोसाठी जवळपास 2.9 लाख बुकिंग झाली म्हणतात! पण कामगारांचे वाद, संप आणि भागीदारांची भांडणं यात गाड्या वेळेवर निघेनात. पूजोने तर गाशाच गुंडाळला. कितीतरी लोकांना बुकिंगचे पैसे परत मिळवायला ग्राहक मंचाची पायरी चढावी लागली. आणि या साध्या फॅमिली गाड्या होत्या, एका मोठ्या, नावाजलेल्या कंपनीच्या.

स्पोर्ट्स कारचा पहिला बऱ्यापैकी देशी प्रयत्न म्हणजे 1998 ची सॅन स्टॉर्म. दोन सीट, उघडं छप्पर, फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचं 1149 सीसीचं इंजिन, ताकद 60 बीएचपी. आज एखादी साधी हॅचबॅकसुद्धा तिला मागे टाकेल. दिसायला गोड होती, खपली मोजकीच.

मग आली अवंती. जानेवारी 2012, दिल्लीचा ऑटो एक्स्पो, अमिताभ बच्चन हजर. तेव्हा किंमत 25-30 लाखांच्या घरात असेल असं बोललं जात होतं. प्रत्यक्ष गाड्या निघायला 2015 उजाडलं आणि किंमत 36 लाखांच्या आसपास गेली. कारखाना पुण्याजवळ तळेगावला. इंजिन दोन सीटच्या मागे, चाकांना ताकद मागून, 2 लिटरचं टर्बो पेट्रोल, 250 बीएचपी. हे इंजिनही रेनोचंच. म्हणजे भारताच्या दोन्ही स्पोर्ट्स कारचं हृदय फ्रेंच! आणि इथेच पहिली मेख आहे. हे टर्बो इंजिन रेनोने भारतात स्वतःच्या कुठल्याच गाडीत विकलेलं नव्हतं. त्यामुळे उद्या काही बिघडलं तर शेजारच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन पार्ट मागायची सोय नाही.

छोट्या कंपन्या असं का करतात? इंजिनिअरिंगच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. पत्र्याच्या बॉडीसाठी डाय बनवायच्या तर कोट्यवधी रुपये आधी ओतावे लागतात आणि ते वसूल व्हायला हजारो-लाखो गाड्या विकाव्या लागतात. वर्षाला शे-दीडशे गाड्यांचा हिशोब असेल तर साच्यात हाताने थर देऊन कॉम्पोझिटची बॉडी करायची, इंजिन-गिअरबॉक्स बाहेरून विकत घ्यायचं आणि डिझाईन तेवढं आपलं. साचा स्वस्त, पण प्रत्येक गाडीला लागणारे तास जास्त. शिवाय सर्टिफिकेशनचा खर्च एक गाडी विका नाहीतर एक लाख विका, जवळपास तोच. त्यात सरकार नियम बदलतं: एप्रिल 2017 ला देशभर बीएस4, एप्रिल 2020 ला बीएस6. मोठी कंपनी हा खर्च लाखो गाड्यांवर पसरते, छोटीला तो सव्वाशे गाड्यांवर पसरायचा असतो. गाडी विकून मिळालेला नफा पुढच्या गाडीच्या साच्यात जातो आणि हातात रोकड कधीच उरत नाही. आमच्या क्षेत्रातल्या स्टार्टअप्सना याला 'रनवे' म्हणायची फॅशन आहे. इथे तर रनवेवर गाडीच उभी आहे, फक्त पेट्रोल नाही.

मग डिसेंबर 2020. दक्षिण मुंबईत पोलिसांनी एक अवंती अडवली. तिचेच इंजिन आणि चॅसी नंबर दुसऱ्या राज्यातही नोंदले गेले आहेत, असं पोलिसांनी सांगितलं. 28 डिसेंबरला छाब्रियांना अटक झाली. पोलिसांचा आरोप असा की कंपनीने ग्राहक म्हणून स्वतःच कर्जं काढली, एकाच गाडीवर एकाहून अधिक कर्जं घेतली आणि त्या गाड्या पुढे इतरांना विकल्या. देशात आणि परदेशात मिळून विकलेल्या गाड्यांचा आकडा सव्वाशेच्या आसपास सांगितला गेला. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे इथे मुद्दाम लिहितो. कारण हा तपास करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते सचिन वाझे! फेब्रुवारी 2021 ला कारमायकल रोडवर जिलेटिनच्या कांड्यांसकट स्कॉर्पिओ सापडली आणि मार्चमध्ये एनआयएने वाझेंनाच अटक केली. ही पटकथा कुठल्या निर्मात्याकडे नेली असती तर त्याने 'जरा अति होतंय' म्हणून परत पाठवली असती.

असो. मला त्या बातमीत अडकवलं ते चॅसी नंबरने. हा नंबर 17 अक्षरांचा असतो, त्यात I, O आणि Q ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, 1 आणि 0 शी गोंधळ नको म्हणून. डेटाबेसवाल्या मंडळींना सांगायला नको, ही गाडीची प्रायमरी की. ती दोन नोंदींत असूच शकत नाही, निदान असू नये. बँकेचं कर्ज, विमा, आरसी, चोरीची तक्रार, सगळं त्या 17 अक्षरांना टांगलेलं. पण की बनवणारा आणि गाडी बनवणारा एकच असतो. मोठ्या कंपनीत त्यावर ऑडिटर, डीलर, बँका अशा अनेकांची नजर असते. छोट्या कंपनीत नजर ठेवणारे कमी. त्यामुळे तिथे तुम्ही गाडीबरोबर मालकाचा शब्दही विकत घेत असता.

बाहेरच्या देशांतही वेगळं नाही. इंग्लंडच्या टीव्हीआरने 2017 ला नवी ग्रिफिथ दाखवली, 5000 पौंड डिपॉझिट घेतलं, 2019 च्या सुरुवातीला गाड्या देऊ म्हणाले. ते वर्ष आलं आणि गेलं, गाडी आली नाही. जॉन डीलॉरियनने ब्रिटिश सरकारच्या पैशावर बेलफास्टजवळ कारखाना काढला, साधारण 9000 गाड्या बनवल्या आणि फेब्रुवारी 1982 ला कंपनी बुडाली. ऑक्टोबरमध्ये त्याला ड्रग्जच्या प्रकरणात अटक झाली, 1984 ला निर्दोष सुटला. पण तोवर कंपनी मेलेली होती. आणि आपल्याकडे? दिवाळखोरीच्या कायद्यात 2018 च्या दुरुस्तीने फ्लॅट घेणाऱ्यांना वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. गाडीचं बुकिंग करणाऱ्याला तसा दर्जा नाही.

मित्राला शेवटी एवढंच लिहून पाठवलं: आरसीवर हायपोथिकेशन आहे का बघ. असेल तर फॉर्म 35 आणि फायनान्स कंपनीची एनओसी मूळ प्रतीत माग, झेरॉक्स चालणार नाही. चॅसीवर ठोकलेला नंबर स्वतः वाकून वाच आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघ. इंजिन नंबरचंही तेच. आणि टर्बो गेला तर तो कुठून आणणार, हे विकणाऱ्याला विचार.

त्याने उत्तर पाठवलं: "विचारलं. म्हणाला, ग्राउंड क्लिअरन्स 170 मिलिमीटर आहे, स्पीडब्रेकरला अजिबात घासत नाही."