जन्मस्थानी परतणारा सामन

मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सामन’ म्हटले जात असले, तरी तो खरा सामन नव्हे. खरा सामन थंड प्रदेशातील गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि प्रजननासाठी जन्मस्थानी परततो.

अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या रेडफिश सरोवराचा सॉकाय सामन हे याचे विलक्षण उदाहरण. हे सरोवर समुद्रापासून सुमारे १४५० किलोमीटर दूर आणि २००० मीटर उंचावर आहे. शरद ऋतूत मादी काठच्या खडीत अंडी घालते. पिल्ले एक-दोन वर्षांनी नदीमार्गे प्रशांत महासागर गाठतात. परतताना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि जन्मस्थानच्या पाण्याचा गंध त्यांना वाट दाखवतात. गोड्या पाण्यात शिरलेला मासा अन्न सोडतो. त्याचे अंग लाल, डोके हिरवे होते. प्रजननानंतर तो मरतो.

या प्रवासात कोलंबिया व स्नेक नद्यांवरील आठ धरणे आडवी येतात. १९९२ मध्ये सरोवरात अवघा एक नर परतला. त्याच्यासह उरलेल्या मोजक्या माशांपासून कृत्रिम प्रजननाने वंश टिकवण्यात आला. मात्र २०१५ मध्ये नद्यांचे पाणी तापल्याने बहुतेक मासे वाटेतच दगावले. वंश तगला असला, तरी वाट अजून निर्धोक झालेली नाही.