चाक संरेखन (उंच केलेली जीप)

चाक संरेखन म्हणजे वाहनाची चाके परस्परांशी, सांगाड्याशी आणि रस्त्याशी ठरावीक कोनांत बसवण्याची क्रिया होय. गॅरेजमध्ये तिला नुसते 'अलाइनमेंट' म्हणतात. मूळ मापापेक्षा उंच करून मोठे टायर चढवलेल्या जीपवर्गीय वाहनांत हे कोन ढळतात. यंत्राच्या कागदावर सारे योग्य दिसत असूनही गाडी भरकटते, ही अशा वाहनांबाबतची नेहमीची तक्रार आहे आणि तिचे मूळ बहुधा कॅस्टर या कोनात सापडते.

संरेखनाचे कोन

गाडीकडे वरून पाहिले असता पुढील चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असतात, तो टो. समोरून दिसणारा चाकाचा कल म्हणजे कँबर. चाक ज्या अक्षावर वळते त्या अक्षाचा बाजूने दिसणारा कल म्हणजे कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, तसाच हा अक्षही वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला असतो. त्यामुळे वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होते.

टो चुकल्यास टायर आडवा घासतो. प्रत्येक चाक केवळ पाव अंशाने तिरके असले, तरी दर किलोमीटरला ते सुमारे साडेचार मीटर आडवे घासले जाते. कॅस्टर कमी झाल्याने मात्र टायर फारसा झिजत नाही. म्हणूनच हा दोष टायर पाहून ओळखता येत नाही.

उंची वाढवल्याचे परिणाम

भारतात जीपची परंपरा महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपची जोडणी सुरू केल्यापासूनची आहे. पुढे आलेल्या एमएम ५४० सारख्या गाड्यांत, तसेच मारुती जिप्सीत, पुढील चाके एकाच अखंड आसावर असून तो आस पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला असतो. अशा आसात टाय रॉड फिरवून टो बदलता येतो. कँबर व कॅस्टर यांसाठी सहसा फिरवायचा बोल्टच नसतो. त्यामुळे नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये प्रत्यक्षात एकच कोन दुरुस्त होतो.

उंची वाढवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे लांब शॅकल. शॅकल स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला असल्यास ते टोक सांगाड्यापासून खाली जाते, आस पुढे कलंडतो आणि कॅस्टर घटतो. एक मीटर लांबीच्या स्प्रिंगचे टोक पाच सेंटीमीटर खाली गेले, तर सांगाड्याच्या संदर्भात हा फरक जवळजवळ तीन अंशांचा होतो. मूळ कॅस्टरच काही अंशांचा असल्याने ही घट मोठी ठरते. शिवाय स्टीअरिंगला आसाशी जोडणारी ड्रॅग लिंक तिरकी होते. मग खड्ड्यात चाक वर-खाली होताच गाडी न वळवताही वळते.

२०१० मध्ये आलेल्या थारमध्ये पुढील चाके स्वतंत्र निलंबनावर आहेत. तेथे उंची वाढवल्यास कँबर व टो दोन्ही बदलतात आणि आसाच्या सांध्यांवरील ताण वाढतो.

रस्त्यावरील लक्षणे

नंदुरबार जिल्ह्यातील तापीकाठच्या सारंगखेड्याहून शहादामार्गे तोरणमाळला जाणाऱ्या वाहनाला आधी सपाट रस्ता व नंतर सातपुड्याचा घाट लागतो. कॅस्टर कमी असलेली गाडी सपाटीवर सतत डावी-उजवीकडे सरकत राहते. घाटात वळण संपले तरी स्टीअरिंग परत येत नाही.

सर्वांत धोकादायक लक्षण म्हणजे खड्ड्याचा धक्का बसताच दोन्ही चाकांना सुटणारा जोराचा कंप. वेग बराच कमी केल्याशिवाय तो थांबत नाही. सैल टाय रॉड, झिजलेले किंगपिन बेअरिंग, फाटलेले बुश आणि असंतुलित चाक यांमुळे तो सुरू होतो. कॅस्टर बिघडलेला असल्यास त्याची शक्यता वाढते. जाड स्टीअरिंग डॅम्पर लावून कंप दाबला जातो, पण तो दोष झाकण्याचाच प्रकार होय. खानदेशातील काळी चिकणमाती रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसली तरी गाडी अशीच थरथरते. तेव्हा खर्चाला हात घालण्यापूर्वी चाके धुणे इष्ट.

दुरुस्ती

प्रथम सर्व सांध्यांचा खुळेपणा तपासावा लागतो. सैल भागांवर घेतलेली मापे निरर्थक असतात. नंतर कॅस्टर मोजून स्प्रिंग व आस यांमध्ये पाचरीच्या आकाराची धातूची पट्टी घालतात. तिने कॅस्टर परत मिळतो, पण त्याच वेळी आसाचे पिनियन खाली झुकते आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन वाढतो. गाडी फार उंच केलेली असल्यास दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. अशा वेळी उंची कमी करणे किंवा आसाची टोके कापून नव्या कोनात वेल्ड करणे एवढेच पर्याय उरतात. टो सर्वांत शेवटी बसवतात, कारण आधीचा प्रत्येक बदल त्याला हलवतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळे होतील असे फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा असाच अर्थ लावला.